दहावं माणूस

७ जानेवारी

तपासणी पुढच्या आठवड्यात! सरकारी अनुदान हवं तर घरात निदान दहा माणसं राहती पाहिजेत. आमच्याकडे नऊ. गौतमी असती तर दहा झाली असती — पण ती बरी झाली, पिरंगुटला पॅकिंगच्या कामाला लागली, सकाळी डबा घेऊन बस पकडते. आता याला काय म्हणायचं? माणूस बरं करा आणि अनुदान घालवा!

आणि अनुदान नाही मिळालं तर मार्चनंतर हे घर बंद. मनाच्या आजारातून सावरत आलेली ही माणसं. त्यांतल्या निम्म्यांना घरचे दारात उभं करत नाहीत. नरहरीकाकांना तर कुणीच नाही. दुपारी मला विचारत होते, "मेधाताई, परसात टोमॅटो लावू का? एप्रिलपर्यंत लागतील." लावा म्हटलं. दुसरं काय सांगणार!

९ जानेवारी

अमोघ, आमचा गुरुवारचा डॉक्टर, म्हणतो, "गौतमीला एक दिवस बोलावून घ्या की." मी तडकलेच. एवढ्या कष्टानं बाहेर पडलेल्या पोरीला आजाऱ्याचं सोंग करायला लावू? मग बिचाऱ्यानं स्वतःच चहा करून आणून दिला. पोरगा गुणाचा आहे, तोंड उघडलं की बिघडतो.

१० जानेवारी

लीलाबाई चारला आल्या, उगाच जळणारे दिवे बंद करून गेल्या. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात; मुलगा राजू सूसला फ्लॅटमध्ये. भावकीला अजून सांगतात की इथं शिवणक्लास चालतो! रोज काहीतरी निमित्त काढतात — दिवा, नळ, मोटर — आणि मग तासभर हलत नाहीत. मला फार आवडतात त्या. बोलून दाखवत नाही, लगेच भाडं वाढवतील.

१५ जानेवारी

झाली तपासणी. साहेब भले वाटले. "कागद नंतर, आधी माणसं बघतो," म्हणाले. आमच्याकडची रीत अशी की कुणाला गणवेश नाही, बिल्ला नाही, आणि रिकाम्या हातानं बसायचं नाही. सगळे अंगणात पावटे सोलत होते. नरहरीकाकांनी साहेबांच्या पुढ्यातही मूठभर शेंगा ठेवल्या — आणि त्यांनी सोलल्या! मी आत कागद जमवत होते. बाहेर आले तोवर त्यांना पौडला जायची घाई. गौतमी गेली, आता नऊच आहेत, हे सांगायचं राहूनच गेलं.

आता वाट बघायची.

१७ जानेवारी

अहवालाची प्रत आली. राहती माणसं — दहा!

दोनदा वाचलं. दहावं नाव लीलाबाईंचं!! चारच्या आतच येऊन बसल्या होत्या शेंगा घेऊन, सगळ्यांच्या ओळीत. नरहरीकाका सांगत होते, साहेब एकेकाला विचारत गेले — जेवण जातं का, झोप लागते का. लीलाबाई म्हणे म्हणाल्या, "कसली झोप सायेब, धनी गेल्यापासनं भिताडाशी बोलती म्या." आणि साहेबांनी लिहून घेतलं! आम्ही पोट धरधरून हसलो. नरहरीकाकांना तर ठसका लागला.

१८ जानेवारी

हसू ओसरलं. साहेबांना कळवायला हवं, चुकीच्या आकड्यावर घर चालवायचं नाही. मग घर चालणारच नाही, तेही कळतंय. रडायला आलं, थोडं रडलेही.

लीलाबाईंना जाऊन सांगितलं, "मावशी, तुमचं नाव चुकून आलंय. काढायला लावते, काळजी करू नका." मी निघाले तर मागून म्हणाल्या, "बेस्तरवारपातूर थांब, पोरी." गुरुवारपर्यंत कशाला? भावकीत कळायच्या आत काहीतरी सारवासारव करायची असेल. थांबते. आमच्यासाठी इतकं केलंय त्यांनी, एवढं ऐकायलाच हवं.

१९ जानेवारी

टोमॅटोची रोपं लावून झाली. मी तिकडे बघत नाही.

२३ जानेवारी

लीलाबाई आज सकाळीच आल्या. नळाचं नाही, मोटरचं नाही — सरळ अमोघसमोर जाऊन बसल्या, दार लावून, तासभर. तो बाहेर आला तो अगदी हळू बोलत. "मेधाताई, यांना उपचारांची गरज आहे. फार दिवस एकट्यानं सोसलंय. इथं राहिल्या तर बरं." दाखल झाल्याची तारीख मी आजचीच लिहिली, साहेबांनाही तशीच कळवणार, मग काय व्हायचं ते होवो. मागून त्या आल्या. हातात कपड्यांची पिशवी.

"सायबानं बरुबर लिवलंय," म्हणाल्या. "मला खाट दे."