दाराबाहेर थांबलेला रक्तपिपासू

सिडको, नाशिक

प्रिय सोमनाथराव यांस,

वाल्मीकचा नमस्कार. आईंचे गुडघे कसे आहेत? कांदा चाळीत ठेवला की विकून मोकळे झालात? माझी तब्येत बरी आहे. पोळी अजून गोल होत नाही, पण भाजते. सगुणाच्या तेराव्यानंतर तुमचे इकडे येणे झाले नाही. फोनवर आपण दोघेही कांद्याच्या भावापुढे जात नाही, आणि मला सांगायचे आहे एका व्हॅम्पायरविषयी, म्हणून पत्र.

तुमची सृष्टी (अभ्यास ठीक चालला आहे, बारीक झाली आहे हे आईंना सांगू नये) शनिवारी दुपारी हॉस्टेलवरून आली आणि सिनेमाला चला म्हणाली. अजून वर्ष सरले नाही, असे मी म्हणालो. "मामा, आत्याला भुताचे सिनेमे किती आवडायचे. तिच्या वाटचा बघून येऊ," ती म्हणाली. हे खरे होते. तुमची बहीण असले सिनेमे वाटाणे सोलत बघायची आणि भूत आले की हसायची. मी तेवढा वेळ गॅलरीत झाडांना पाणी घालत असे. (आमची तुळस त्यानेच कुजली.) जिन्यात शेजारच्या यशोदाबाईंनी कुठे निघालात विचारले. मी पेन्शनच्या कामाला म्हणालो. शनिवारी साडेतीनला कोणते ऑफिस उघडे असते, हे त्यांनी विचारले नाही, पण आम्ही खाली उतरेपर्यंत कठड्यावरून पाहत राहिल्या.

सिनेमाची कल्पना मात्र फार चांगली होती. या व्हॅम्पायरला कोणी 'या' म्हटल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. आणि तो येतो नेमका ज्या घरी आजी वारली आहे तिथे. सुतकात आपण कोणाला 'या' म्हणत नाही, जाणाराही 'येतो' म्हणत नाही. म्हणजे हा बिचारा बारा दिवस दाराबाहेर. भेटायला येणारे लोक त्याला दूरचा पाहुणा समजतात. मला एवढे कुतूहल वाटले की मी भ्यायचे विसरलो. शेजारून पिठले-भाकरी येते ती त्याच्यापुढे ठेवतात का? दहाव्याला कावळा शिवेना, तर याच्यामुळे का? सृष्टीला तीनदा विचारले, तर पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिले.

मध्यंतरानंतर सगळे बिघडले. व्हॅम्पायर एकदम माजघरात. कोणी बोलावले नाही, काही नाही. मग बारा दिवस ऊन कशाला खाल्ले? (उन्हात त्याची सावलीही पडत होती. अशांची पडत नाही, असे सगुणा सांगायची.) नंतर धूर, त्या धुरात एक नाच, आणि बोलताना त्याचा वरचा दात सुटला तो त्याने अंगठ्याने परत बसवला. शेवटी गावच्या पोलीस पाटलाने त्याला कंदिलाने मारले. तुमच्या बहिणीने असल्या सिनेमाला वाटाणेसुद्धा सोलले नसते.

बाहेर चहा घेताना हे मी जरा जोरात बोललो असेन. सृष्टी कपाकडे बघत म्हणाली, "पप्पा पण तेच म्हणतात. दाजींनी तेव्हापासून एकदा 'या' म्हटलं नाही, मग न बोलावता कसं जायचं?"

सोमनाथराव, तेराव्याला तुम्ही आईंना धरून उठलात, रिवाजाप्रमाणे काही न बोलता गेलात, मीही रिवाजाप्रमाणे गप्प राहिलो. ते तेवढ्यापुरते होते. मग ते मोडायचे कधी आणि कोणी, हे मला कोणी सांगितलेले नाही. मी समजत होतो, बहीणच राहिली नाही तर हे लोक आता माझ्याकडे कशाला येतील. आठ महिने मी हेच समजत होतो. असो. सिनेमा पाहू नये.

आपला,
वाल्मीक

ता. क. – पत्र सृष्टीला वाचायला दिले. ती म्हणते, सिनेमाबद्दलचे चूक आहे. तो घरात आला तेव्हा मी डोळे मिटून कानांत बोटे घातली होती. (दाराची कडी वाजली होती, म्हणून.) तेराव्याची पंगत उठल्यावर त्या घरातल्या आजोबांनीच त्याला 'या' म्हटले. का म्हटले, विचारले. बारा दिवस माणूस दारात उभा आहे हे त्यांना बघवेना, म्हणाली.

ता. क. २ – रविवारी आईंना घेऊन या. कळवणची सकाळची गाडी धरलीत तर जेवायला पोहोचाल. स्वयंपाक मी करणार आहे, ते आईंना गाडीत बसल्यावर सांगा.