शाळेतला पलीकडचा कोपरा

३० जानेवारी २०२०
पुन्हा आमच्या एल्डनचा फोटो, पेपरच्या पहिल्या पानावर! खाली – 'मुली-मुलींच्या लग्नावर बंदी मागणारा थैलीशहा.' अरे, विचारलंत का त्याला कधी? रिपब्लिकनांना पैसे दिले ते मक्याच्या व्यापारासाठी. बंदीची गोष्ट निघाली तेव्हा पक्षाच्या लोकांना याच स्वयंपाकघरात झापलं होतं – "कुणी कुणाशी लग्न करावं, त्यात नाक खुपसू नका!" मी कॉफी ओतत होते. तरी पैसे देणं थांबवलं नाही, हेही खरं.

आमच्या ग्रेटाने पेपरच खरा मानला. तिचं मार्थाशी लग्न झालं, तेव्हापासून बापाशी अबोला.

"खुलासा कर की, म्हाताऱ्या!"

"पेपरवाल्यांच्या तोंडी लागू? लेकीला तरी कळायला हवं होतं."

हट्टी मेला!

१ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, एल्डनने वसंतापर्यंत काढणं कठीण आहे. ग्रेटाच्या फोनवर निरोप ठेवला. उत्तर नाही. भांडी घासताना रडून घेतलं.

३ फेब्रुवारी
मी तापाने पडलेली आणि हा टोपी घालून तयार! कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेला निघाला. रिपब्लिकनांच्या नव्हे – शाळेत, डेमोक्रॅटांच्या! दारातच पक्ष बदलता येतो म्हणे.

"वेड लागलंय का? तिथे ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहतात. सगळं गाव बघेल."

"बघू दे. त्यासाठीच चाललोय. ग्रेटाचा उमेदवार कोण ते तुझ्या बहिणीकडून कळलंय. तिथेच उभा राहणार. जाईल तिच्या कानावर."

रात्री शेजाऱ्याने त्याला गाडीतून आणून सोडलं. एवढी थंडी, आणि टोपी हातात!

"भेटलं का कुणी?"

"ओळखीचं कुणी नव्हतं."

त्याने सूप तसंच ठेवलं.

५ फेब्रुवारी
आजचा पेपर – 'थैलीशहा फूट पाडायला विरोधकांच्या गोटात!' जळो मेलं! एल्डन वाचून हसला, मग खोकतच राहिला.

११ फेब्रुवारी
पहाटे गेला. हात माझ्या हातात होता.

१५ फेब्रुवारी
पुरून आलो. ग्रेटा आली होती. चर्चच्या तळघरात जेवणाची बशी धरून नुसती उभी. मग म्हणाली, "आई, त्या रात्री शाळेत, त्या कोपऱ्यात माणसं जमवायला मीच आले होते. बाबांनी मला बघून टोपी काढली. मला वाटलं, आमच्यात फूट पाडायला आलेत. मी पाठ फिरवली."