डालगाराला हरवलं त्यानंतर

२६ जुलै, शनिवार

जिंकलो! शेजारच्या डालगारा गावाला हरवलं, तेही तीन गुणांनी, तेही भोंगा वाजून गेल्यावर — आणि मी ते पाहिलंच नाही.

मी कँटीनमध्ये होते. क्लबची अध्यक्ष आहे म्हणे मी! पण ज्या दोघींची कँटीनची पाळी होती त्या सकाळीच "जुलैचा गारठा फार आहे गं" म्हणत गळाल्या, मग अध्यक्षबाईंनी एप्रन बांधला. शेवटचं सत्र संपत आलेलं. तीन गुणांनी मागे. सगळं गाव कुंपणाला चिकटलेलं आणि माझ्या खिडकीशी एकटे म्हातारे नोएल. "चिप्सवर सॉस घालायला विसरलीस." मी सॉसची बाटली काढायला खाली वाकले, आणि मैदानाभोवती उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले.

आमच्या बेवनने तिघांच्या डोक्यावरून उडी घेऊन तो लंबगोल चेंडू झेलला. भोंगा वाजला, पण झेल त्याच्या आधीचा, म्हणून किक त्याची. पार कोपऱ्यातून, वाऱ्याच्या विरुद्ध, मधल्या दोन खांबांच्या बरोब्बर मधून. एका झटक्यात सहा गुण! असं मला सतरा जणांनी सतरा तऱ्हांनी सांगितलं.

या मोसमातला पहिला विजय. गेल्या मोसमात एकही नव्हता. मोठमोठे बाप्ये रडत होते. माझा नवरा — पाठ धरलीय म्हणून महिनाभर लाकडाला हात न लावलेला केल — बेवनला खांद्यावर घेऊन चिखलातून धावत होता!

मीही रडले. खोटं कशाला लिहू?

मग नोएल चिप्स खाताखाता म्हणाले, "आता बोल, ग्लेनिस. आता कुणाला हवंय तुझं ते डालगाराशी लग्न?"

डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

२७ जुलै, रविवार

लग्न म्हणे. दोन वर्षं घातली मी या लग्नात. मैदानावर अठरा जण लागतात, आमच्याकडे धड पंधरा नाहीत. डालगाराची गत वेगळी नाही. लीगने स्वच्छ सांगितलंय — पुढच्या वर्षी जोडीला दुसरा संघ उभा केला नाहीत तर बाहेर. दोघांनाही. एकत्र आलो तर दोन्ही गावांची पोरं खेळतील, नाही तर कुणाचीच नाहीत. इतकी सरळ गोष्ट! त्यासाठी मी घरोघर चहा प्यायले, माणसं एकेक करून वळवली. तेरा तारखेला आमचं मतदान, त्यानंतरच्या रविवारी त्यांचं. दोन्हीकडे होकार लागतो.

आणि आता एक किक.

क्लबच्या ग्रुपवर सकाळपासून नुसता धुरळा. वाटलं, निदान आज तरी खूश असतील. कसलं! "एवढं शेवटपर्यंत ताणायची गरजच काय होती?" "कोचने माझ्या भाच्याला खेळवलं असतं तर तीस गुणांनी जिंकलो असतो." "अंपायर आंधळा नसता तर पन्नास." एकाने लिहिलंय, "विजयाबद्दल अभिनंदन. आता कमिटीने राजीनामा द्यावा." हरलो की कमिटी, जिंकलो तरी कमिटी!

दुपारी कळलं ते वेगळंच. काल संध्याकाळी आपल्या लोकांच्या गाड्या हॉर्न वाजवत डालगाराला गेल्या होत्या. त्यांच्या मुख्य रस्त्याने दोनदा फिरल्या. क्लबच्या फाटकावर पलंगाची चादर टांगून आले. त्यावर तांबड्या रंगात: आधी जिंकायला शिका, मग मागणी घाला.

केलला विचारलं, "तू होतास?"

"होतो मागे कुठेतरी. अगं, पोरांची गंमत!"

या पोरांतला सगळ्यात लहान तिशीचा आहे.

२८ जुलै, सोमवार

मर्व्हला — डालगाराच्या अध्यक्षाला — चार वेळा फोन केला. उचलत नाही.

३० जुलै, बुधवार

दुकानात दूध आणायला गेले तर पाऊण तास अडकले. बेवनची किक आता पन्नास मीटरवरून साठावर गेलीय. पुढच्या आठवड्यापर्यंत ती शेजारच्या तालुक्यातून मारलेली असेल.

मार्चमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसून "ग्लेनिस, तुझं पटतंय बाई" म्हणणारी मॅव्हिस ब्रेडच्या फळीआड लपली. ओढून काढली. तर म्हणते, "तसं नाही गं... पण आता संघ चालायला लागलाय ना!"

चालायला लागलाय! एका शनिवारी!

"मॅव्हिस, पुढच्या वर्षी कोण खेळणार?"

"येतील गं कुणीतरी."

कुठून? गव्हातून उगवणार?

२ ऑगस्ट, शनिवार

हरलो. नव्वद गुणांनी. वाटलं, चला, आता तरी डोकी ठिकाणावर येतील. छे! "आजचा चेंडूच ओला होता." "मागच्या आठवड्याचं जागरण नडलं." नोएल म्हणाले, "दर आठवड्याला जिंकलं तर मजा काय राहिली?" हे म्हणताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

आणि पलीकडच्या कोर्टवर माझ्या लेकीचा, टॅम्सिनचा, मुलींचा संघ जिंकला. पुन्हा. नेटबॉलच्या तक्त्यात त्या पहिल्या आहेत, वर्षभरात एकदाच हरल्यात, आणि त्याच क्लबच्या आहेत, तोच शर्ट घालतात. बघायला कोण? मी, दोन आया आणि कुणाचं तरी कुत्रं. गाडीत बसल्यावर टॅम्सिन म्हणाली, "आई, आमच्यासाठी कधी कुणी हॉर्न वाजवलाय गं?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी वाजवते."

"नको. मला फक्त पुढच्या वर्षी खेळायचंय."

फूटीचा, म्हणजे पुरुषांच्या फुटबॉलचा, संघ गेला की लीग नेटबॉललाही ठेवत नाही. हे तिला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांची आहे ती. गावातल्या दाढीवाल्यांना कळत नाही ते तिला कळतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

केलशी कडाक्याचं भांडण. सूप गार झालं.

मी म्हटलं, तू विरुद्ध मत देणार असशील तर तोंडावर सांग. तो म्हणाला, "देणारच आहे." इतक्या शांतपणे! मी भडकले. संघ नाही, पोरं नाहीत, कशासाठी जीव टाकताय एवढा?

तर तो म्हणाला, "शाळा गेली, आपण गप्प. बँक गेली, आपण गप्प. चर्चचं आता कुणाचं तरी गोदाम झालंय. येरिंबा हे आपल्या गावाचं नाव आता कुठे दिसतं, सांग. पाण्याच्या टाकीवर आणि त्या शर्टावर. टाकीवरचं पुसत चाललंय."

त्याच्या वडिलांचं नाव क्लबच्या भिंतीवरच्या जुन्या खेळाडूंच्या पाटीवर आहे, त्याचंही आहे. मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त चीड येते. खोटं बोलला असता तर निदान ओरडता आलं असतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

फोन उचलत नाही तर घरी जायचं. गेले डालगाराला. मर्व्ह मेंढ्यांच्या वाड्यात होता. हात पुसले नाहीत, या म्हणाला नाही. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

"मर्व्ह, त्या चादरीबद्दल मी माफी मागते. क्लबतर्फे."

"चादरीचं काही नाही गं. आमच्या पोरांनी जिंकल्यावर याहून वाईट केलं असतं."

"मग फोन का घेत नाहीस?"

तो मेंढ्यांकडे बघतच म्हणाला, "ती चादर माझ्या बायकोने, आयरीनने काढली. मी घरी नव्हतो. हिची कंबर ही अशी, आणि ही शिडी लावून फाटकावर चढली. खाली तुमच्या गाड्या उभ्या. ही चढतेय आणि गाड्यांतून हॉर्न. घसरली, तेव्हाही हॉर्न. चौघे हसले, ग्लेनिस. एकही खाली उतरला नाही. तीस वर्षं तुमच्या-आमच्या पोरांना हिने केक खिलवलेत."

आयरीनला फार लागलं नाही म्हणाला. मनगटाला पट्टी आहे.

"कोण होते?"

"पहिली गाडी कुणाची होती, ते घरी जाऊन विचार."

गाडी चालवत परत कशी आले, आठवत नाही.

केल अंगणात लाकडं रचत होता. विचारलं. हातातलं लाकूड ढिगावर ठेवून म्हणाला, "मी हसलो नाही."

"उतरलास का?"

नाही म्हणाला.

१० ऑगस्ट, रविवार

घरात तीन माणसं आणि तिघांचे तीन चहा.

१३ ऑगस्ट, बुधवार

मतदान झालं. सभा दुपारी ठेवली होती, म्हाताऱ्यांना उजेडात घरी जाता यावं म्हणून. हॉल गच्च. जे कधी कँटीनच्या पाळीला आले नाहीत ते सगळे आले.

पहिला अर्धा तास शर्टाच्या रंगावर. जिवंत राहायचं की नाही हे ठरायचंय, आणि हे बाह्यांच्या पट्ट्यांवर भांडतायत! मग नोएल उठले. काठी टेकत टेकत. "मी या मैदानावर कॉलरबोन मोडून घेतलंय. डालगाराच्याच माणसाने मोडलं. त्याच्याबरोबर एका बाजूने खेळू? आम्ही परवाच त्यांना लोळवलंय!" टाळ्या. बूट आपटले. मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात मागून बेवन बोलला. हा माणूस बोलत नाही कधी. दिवसभर मेंढ्या कातरतो आणि शनिवारी खेळतो, बस्स. लोकांना वाटलं किकची हकिकत सांगणार, पुन्हा टाळ्या झाल्या. तो म्हणाला, "थांबा जरा. त्या दिवशी मी झेल घेतला, कारण माझ्यावर नजर ठेवायला त्यांच्याकडे धड माणूसच नव्हता. त्यांचा राखणारा पोरगा लंगडत होता, आणि बदली कुणी नव्हतं. आणि आपल्या बाकावर कोण होतं, आठवतंय? केल बसला होता. छप्पन्न वर्षांचा, शर्ट घालून. मी पडलो असतो तर तो आत येणार होता. मी चाळिशीला आलोय. तुम्ही त्या किकवर मत देताय. तशी किक मला पुन्हा जमायची नाही, राव."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

हात मोजले. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा माझाच आकड्यावर विश्वास बसेना. होकार. अगदी काठावर.

केलचा हात नकाराच्या वेळी वर होता. माझ्याकडे बघत वर केला त्याने. लपवला नाही. मी त्याचाही मोजला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

"गाव विकलंस." मॅव्हिसने दुकानात, सगळ्यांसमोर. कुणीतरी क्लबच्या दारावरची अध्यक्ष म्हणून माझ्या नावाची पाटी उचकटून नेली. ग्रुपवर एकाने लिहिलंय, मतं फिरवली. मी सरळ विचारलं, कुणी सांगितलं — तर म्हणे, "तसं ऐकलं."

जिंकले मी. आणि कुणाला सांगावं असं घरात माणूस नाही. केल अंगणात जेवला. टॅम्सिनने मात्र मिठी मारली. पोरगी रडली. मी नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

मोसमातला शेवटचा सामना. हरलो. हॉर्न नाही, शिव्यासुद्धा नाहीत. माणसं मला टाळून, लांबून वळसा घालून जात होती. सॉसेज रोल उरले ते घरी आणले, कुत्र्याला घातले.

उद्या डालगाराचं मतदान. मर्व्ह शब्दाचा पक्का आहे. होईल.

१७ ऑगस्ट, रविवार

नाही म्हणाले.

दुपारी मर्व्हचा फोन आला. "मी उभा राहून बोललो, ग्लेनिस. दोन गावांचं बोललो, पोरांचं बोललो. मग कुणीतरी आयरीनच्या मनगटाकडे बोट दाखवलं. त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही." काठावर वगैरे नाही. जवळजवळ सगळा हॉल. म्हणजे पुढच्या वर्षी ते नाहीत, आम्हीही नाही.

स्वयंपाकघरात दोघेही होते, त्यांना सांगितलं. वाटलं, केल म्हणेल, वाचलो. तो खुर्चीत बसला तो बसलाच. "सगळे?" एवढंच विचारलं. मग उठला, चांगला सदरा घातला, किल्ल्या घेतल्या.

"कुठे?"

"आयरीनकडे."

"आता जाऊन काय होणार, केल? मतदान झालं."

"मतासाठी नाही चाललो."

टॅम्सिन त्याच्या मागोमाग गेली आणि गाडीत त्याच्या शेजारी बसली.