रविवारी माझ्या मशीनवर

प्रिय आबा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय. त्यावर जाऊ नका.

माझं सगळं बदललं ते तुम्ही गेलात त्या मंगळवारी नाही. ते बदललं आज सकाळी साडेअकराला. धुळ्याच्या ऑर्डरमधली चपलांची पिशवी उरलेले धागे कापायला मी उलटी केली, तर अस्तराच्या कोपऱ्यात आपलं लाल लेबल नव्हतं. सुईच्या भोकांची नुसती चौकट उरली होती. दुसरा नग उलटा केला, तेच. तिसरा, तेच. तीन नगांचं लेबल काढलेलं, चारांचं शाबूत. म्हणजे काम चालू असतानाच तुम्ही गेलात.

'धरणगाव, हातशिलाई.' एवढे दोनच शब्द होते आबा त्या लेबलावर! अक्षर माझं, रंग माझा. कॉलेज सोडल्यावर माझ्या मालकीचं म्हणून जगात तेवढंच होतं. ते तुम्ही उसवलंत? आणि तेही इतक्या सफाईनं की कापडाला खरचटलंसुद्धा नाही?

माय ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर आपटली.

"माय, लेबलं कोणी काढली?"

"त्यांनीच."

"काब्र? कशासाठी?"

"रुखवतात दुसऱ्याचं नाव चालतं का?"

"कोणाच्या रुखवतात?"

तिनं ताट बाजूला सारलं. "पूनमच्या," म्हणाली. "ओरडू नको. शेजारी ऐकू जातं."

तिला वाटलं मी ओरडणार. मी पिशवीवरची ती भोकं मोजत बसलो.

पूनमचं लग्न उद्या आहे, धुळ्याच्या मुलाशी, एवढं मला ठाऊक होतं. पण मी कान झाकून घेतले होते. तुम्ही मला सांगितलंत, "धुळ्यानी पार्टी शे. दोन माणसांचा प्रवासाचा सेट पाहिजे. जीव लावून कर." आणि मी मूर्ख! जीव लावून केला. दोन खांद्याच्या बॅगा, कपड्यांचे दोन पाउच, चपलांची पिशवी, वायरींची गुंडाळी, औषधांचा बटवा. अस्तराला बारीक निळ्या फुलांचं कापड लावलं, कारण तसा ड्रेस ती कॉलेजात घालायची. मी ते कापड जळगावच्या दुकानात दोन तास शोधत होतो आणि तुम्ही बाजूला उभे राहून म्हणालात, "हाई बरं शे." तुम्हाला माहीत होतं ते कोणाच्या संसाराला जाणार! तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही तुमची.

माझं तिच्यावर प्रेम आहे हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. तुमच्यामुळेच तर सुरू झालं ते. टेलरच्या पोराच्या खिशात सुईदोरा पाहिजे, हा तुमचा हट्ट. अमळनेरच्या गाडीत तिच्या बॅगेचा पट्टा तुटला तेव्हा डब्यातल्या बाकीच्या पोरांच्या खिशात फोन होते, माझ्या खिशात तुमची सुई होती. मी अमळनेर येईपर्यंत पट्टा बसवून दिला. ती म्हणाली, "हा आता बॅग फाटली तरी सुटणार नाही." पुढे मी तिला एक नवी निळी बॅग शिवून दिली. ती वर्षभर वापरली तिनं. आबा, त्या गाडीत मी जगात सगळ्यात श्रीमंत माणूस होतो.

एकदाच तिनं माझ्याबद्दल काही बोलून दाखवलं. "तू शिवतोस तेव्हा गप्प असतोस. तेवढा वेळ चांगला वाटतोस."

तेवढा वेळ! मी त्यावर सहा महिने काढले.

मग ते कॉलेजचं. तुम्ही अंथरूण बांधायचे होल्डॉल शिवायचात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. एक जण माझी पिशवी पायानं लाथाडत वर्गात आला आणि म्हणाला, "होल्डॉलवाल्याचा माल आहे, मजबूत असेल." ती बघत होती. मी त्याची कॉलर धरली, कॉलर माझ्या हातात आली. प्राचार्यांनी वडिलांना बोलवा म्हटलं. मी तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं होतं की नाही? तरी तुम्ही टोपी काढून हातात धरून आलात. "पोर शे साहेब, माफ करा." आणि तेवढ्यावर थांबलात? खिशातून सुई काढलीत आणि सगळ्यांसमोर त्या पोराचा शर्ट त्याच्या अंगावरच शिवून दिलात. तो खुर्चीवर बसलेला, तुम्ही वाकलेले. दारात निम्मा वर्ग.

माझ्या वाटची माफी तुम्ही कशाला मागितलीत? मी चुकलो असेन तर मी बघितलं असतं. त्या दिवसानंतर मी अमळनेरच्या गाडीत चढलो नाही. लोक म्हणतात पोरगं तापट, अर्धवट शिक्षण टाकून बसलं. बसलं! कोणामुळे बसलं ते कोण विचारतं?

 दुसऱ्या दिवशी दुसरं मशीन पुसून खिडकीपाशी ठेवलंत आणि म्हणालात, "आठे बस." इथे बस, एवढंच.

मान्य करतो, तिथून पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. होल्डॉल कोणी घेत नाही, म्हणून प्रवासाच्या लहान वस्तू करू, हे माझं डोकं. पासपोर्टचं कव्हर, ब्रशचा किट, सीटखाली मावेल अशी बॅग. तुम्हाला त्यातलं एकही नाव धड म्हणता यायचं नाही. पण नवी बॅग झाली की तुम्ही तिच्यात दोन विटा घालून आठ दिवस खुंटीला टांगायचात. पट्टा तसूभर ओघळला तर अख्खी बॅग उसवायला लावायचात. मी चिडायचो. "आबा, गिऱ्हाईक यात कपडे घालणार आहे, विटा नाही!" तुम्ही म्हणायचात, "गिऱ्हाईक काय घालस ते तुले काय समजस?" जळगावला विकलेला आपला एकही नग परत आला नाही. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. आजही कौतुक म्हणून बोलत नाही, खरं आहे म्हणून लिहितोय.

आता त्या जळगावबद्दलच बोलायचंय मला.

दर रविवारी पहाटेच्या एसटीनं मला पिटाळायचात. प्रदर्शन असो, नसो, रस्त्याकडेला टेबल लाव, पण जा! मला वाटायचं, पोराचा धंदा वाढावा म्हणून बापाची तळमळ. मी टेबलामागे उभा राहून गर्दीत एकच चेहरा शोधायचो, कारण पूनम कधीतरी म्हणाली होती, जळगावला आले की तुझं दुकान बघीन. तीन महिने मी दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो, आबा. ऊन डोक्यावर यायचं तरी टोपी घालत नव्हतो, ती लांबून ओळखणार नाही म्हणून.

आणि ती कुठे होती? आज मायनं सांगितलं. ती इथे होती! आपल्या घरात! माझ्या मशीनवर, माझ्या स्टुलावर, दर रविवारी, तुमच्यासमोर बसलेली!

मी मायला म्हटलं, "आणि तू चहा करून देत होतीस?"

"हो. साखर कमी घेते ती."

साखर कमी घेते! हे मला नव्हतं माहीत.

मग सगळं बाहेर आलं. धुळ्याची मंडळी पूनमला बघायला आली तेव्हा तिच्या घरी खुंटीवर माझी निळी बॅग टांगलेली होती. मुलाच्या आत्यानं हातात घेऊन बघितली. कुठून घेतली, असं विचारलं, आणि पूनमच्या आईच्या तोंडून निघून गेलं, "घेतली कुठली? पूनमनंच शिवलीय." आत्या खूश. "मग रुखवतात सगळं हिच्या हातचंच मांडायचं हं! विकतचं नको." पोरगी पसंत. सुपारी फुटली. आणि पूनमला बटण लावता येत नव्हतं.

पूनमची आई, मावशी म्हणतो मी तिला, तुमच्याकडे रडत आली. सेट शिवून द्या, नाव काढून द्या, कोणाला कळू देऊ नका. पूनम मागे उभी होती. माय सांगते, तुम्ही मावशीकडे बघितलंसुद्धा नाही. पूनमला म्हणालात, "खोटं बोलनात ना तुम्ही? मंग आते शिकी ले."

आणि तुमचं हे पोर? त्याला विचारावं असं नाही वाटलं? म्हणे, "त्याले सांगशी तर तो शिवाव नही, आणि तिले शिकू देवाव नही." हे तुम्ही मायला म्हणालात. तुम्ही मला इतकं ओळखत होतात तर तोंडावर का नाही म्हणालात? मी शिवलं नसतं, खरंय. आरडाओरडा केला असता, मशीन उलथं केलं असतं. पण माझ्या हातानं माझ्याच छातीवर दगड ठेवून घेतला नसता, आबा, तोही निळ्या फुलांचं अस्तर लावून!

हे सगळं गिळलं असतं मी. पण माय पुढे म्हणाली, "सात नग तुझे. आठवा तिचा."

आठवा म्हणजे साबण-ब्रशचा पाउच. तो वाकड्या टिपेचा.

आठवतोय ना तो रविवार? मी जळगावहून परत आलो, एक नग विकला गेला नव्हता, ती दिसली नव्हती, डोकं फिरलेलं. टेबलावर तो पाउच होता. टीप नागमोडी, कोपरा फुगलेला, पायपिंग दोनदा तुटलेलं. मला वाटलं तुम्ही शिवलाय. मी काय बोललो ते मला अक्षरशः पाठ आहे. "हे असलं करायचं असेल तर हात नका लावत जाऊ माझ्या ऑर्डरला. तुमचे हात गेलेत आता. डोळे गेलेत. बसा ओट्यावर." आणि पाउच भिंतीवर फेकला.

तुम्ही उठलात, तो उचललात, झटकलात, घडी करून तुमच्या डब्यात ठेवलात. म्हणालात, "परत करसू."

'परत करू.' एवढंच? 'ही टीप माझी नाही', हे चार शब्द जड होते? तुम्ही पन्नास वर्षं सरळ टीप घातलीत आणि एका पोरीचं गुपित राखायला स्वतःच्या हातांवर तो आळ घेतलात! कोण सांगतं असलं करायला? सोमवारी मी तुमच्याशी बोललो नाही. मंगळवारी सकाळी बाजारातून येताना तुम्ही चौकात छातीला हात लावून खाली बसलात. म्हणजे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं कोणतं? 'तुमचे हात गेलेत.' हे तुम्ही केलंत, आबा. मी बोललो, पण बोलू तुम्ही दिलंत. तुम्हाला माफ करणं मला जमणार नाही. आणि तुम्ही मला केलं की नाही, हे विचारायची सोयच ठेवली नाहीत.

दुपारी तुमचा डबा उघडला. पाउच होता. माय म्हणते, सोमवारी मी बाहेर असताना पूनम पुन्हा येऊन त्यावर बसली होती. टीप उसवून परत घातलेली, पुन्हा उसवलेली, पुन्हा घातलेली. कापडावर तुमच्या खडूच्या खुणा, बोटभर अंतरावर एकेक, लहान पोराला अक्षर गिरवायला देतात तशा. पहिल्या चार खुणांवरून तिची टीप घसरलीय. पाचव्यापासून बसलीय. शेवटची वीतभर टीप, खरं सांगतो, मला नाव ठेवता येत नाही. फक्त चेन राहिलीय.

सकाळी मी ठरवलं होतं, सातही नगांना लेबल बाहेरून लावायचं, ठळक, आणि तसाच सेट पाठवून द्यायचा. उद्या मांडवात धुळ्याच्या आत्याबाईंनी चष्मा लावून वाचावं! तिच्या भावाचा तीनदा फोन आला, "दादा, सेट कधी नेऊ?" मी म्हटलं, "मीच आणतो."

हे लग्न मोडावं असं वाटतं का मला? वाटतं! तुम्हाला कशाला खोटं लिहू? पण सातांवर माझं लेबल दिसलं की आठवा तेवढा तिचा ठरणार, आणि मांडवातल्या बायका आधी हसणार त्या वाकड्या टिपेला. त्या टिपेला मी एकदा भिंतीवर फेकलंय. दुसऱ्यांदा नाही फेकणार.

म्हणून आत्ता असं केलंय. तुम्ही काढलेली तीन लेबलं तुमच्या डब्यातच सापडली, ती परत लावली, आतल्या बाजूनं, होती तिथेच. सातही नग कपाटात ठेवून कुलूप घातलं. ते माझे आहेत, ते कोणाच्या रुखवतात जाणार नाहीत. आठवा मी घेऊन जातोय. चेन मापानं कापलीय, रनर घातलाय, टाचण्यांनी जागेवर लावलीय. टीप घातलेली नाही. ती पूनमनं घालायची, माझ्यासमोर, हातानं. वेळ लागला तर लागू दे, हळदीचा पाट थांबेल. मावशीला सांगणार आहे, उद्या एवढंच मांडा. कोणी विचारलं बाकीचं कुठे, तर सांगा, पोरीला अजून एवढंच येतं. त्यावर धुळेकर उठून गेले तर त्यांचं त्यांनी बघावं. थांबले तर निदान तिला तिच्या हातच्या कामावर नेतील, माझ्या नाही.

माय दारात उभी राहून म्हणते, "भांडायला चाललास का?" तिला म्हटलं, माहीत नाही.

आता एक शब्द देतो. या घरातून लेबल उसवून एकही नग बाहेर जाणार नाही, बाप स्वतः येऊन म्हणाला तरी. आणि कोणाची टीप वाकडी दिसली तर आधी विचारीन, कोणाची आहे. आवाज चढेल, त्याचं वचन देत नाही. पण आधी विचारीन.

पत्र तुमच्या मशीनवर ठेवतोय. पाउच खिशात घातला. बाहेर पडतोय, दार लावून घेतोय.

तुमच्यावर चिडलेला,
तुमचाच
सागर