रांग एकेचाळीस, बिनखिडकीची खिडकी

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

नात्याने मी तुमच्या घरचा जावई आणि वयाने तुमच्याहून सात वर्षांनी धाकटा. त्यामुळे आधी कोणी कोणाला वाकायचं हा प्रश्न आपण दोघांनी अडतीस वर्षं लोंबकळत ठेवला आहे. आज मीच आधी नमस्कार करून तो तुमच्या बाजूने सोडवतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? कानाबद्दल विचारत नाही, कारण हे पत्र कानामुळेच लिहितो आहे. (फोनवर तुम्ही सगळ्यालाच "वा, उत्तम" म्हणता. मागे मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं तेव्हाही उत्तमच म्हणाला होतात.) आम्ही उभयतां लेकीकडे सुखरूप पोचलो. तुमची बहीण ठणठणीत आहे, आणि इथे आल्यापासून तिची मान जरा जास्तच ताठ आहे. त्याचं कारण पुढे येईल.

निघायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही मला बजावलं होतंत की विमानात जागा आधी निवडून ठेवा, आयत्या वेळी जाल तर फसाल. मी हसलो होतो. तुम्ही पडलात मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनीत साखळ्या ओढल्यात, त्यामुळे मुलाकडे जातानाही तुम्ही पाच महिने आधी पंखापासूनचं अंतर मोजून खुर्ची धरता. ते तुम्हाला शोभतं. पण ज्याने चौतीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीत बसून खुर्च्या विकल्या, त्याला खुर्ची कशी धरावी हे शिकवणं जरा जास्त झालं, असं मला वाटलं होतं. अजूनही थोडंसं वाटतं. तर प्रवासात नेमकं काय झालं हे तुम्हाला इतर कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट मी आजवर घराबाहेर बोललो नाही, ती आज सांगतो. प्रयोगाचा प्लॅन खिडकीत उघडला की गिऱ्हाइकाला वाटतं, रिकामे चौकोन म्हणजे शिल्लक जागा आणि फुली म्हणजे विकलेली. तसं नसतं. पाचव्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्यांवर मी पहिल्या दिवशीच फुली मारून ठेवायचो, आणि त्या विकलेल्या नसायच्या. आयत्या वेळी कोण उगवेल याचा नेम नसतो. कधी नाटकाचा लेखकच तिकीट न काढता येतो, कधी मॅनेजरचे सासरे. कोणीच नाही आलं तर तिसरी घंटा झाली की रांगेत शेवटी उभ्या असलेल्या शांत माणसाला मी त्या दोन्ही देऊन टाकायचो, मूळ दरात. आरडाओरडा करणाऱ्याला कधी दिल्या नाहीत. चौतीस वर्षांत एकच खुर्ची दोघांना विकल्याचं एकही उदाहरण नाही. (एक आहे. पण त्यातले एक गृहस्थ इतके बारीक होते की तक्रार आली नाही.)

तुमची बहीण मात्र त्या पाचव्या रांगेत कधी बसली नाही. तिची जागा ठरलेली होती: शेवटची रांग, डावा कोपरा, खांबाच्या मागे. ती खुर्ची कधी विकली जात नसे, म्हणून नोकरांच्या घरच्यांना मोकळी होती. मध्यंतरात ती माझ्या खिडकीशी यायची, पुड्यातली अर्धी बिस्किटं गजांमधून आत सरकवायची आणि पहिला अंक सांगायची. दुसरा अंक घरी चालत जाताना. मी शेकडो नाटकं ऐकली आहेत, दादा, पाहिलं एकही नाही. तुमच्या बहिणीला खांबामुळे रंगमंचाची उजवी बाजू दिसायची नाही, म्हणून माझ्या डोक्यातल्या सगळ्या नाटकांत उजवीकडून कोणी येत नाही. थोडक्यात, मी आयुष्यभर नवरा-बायकोंना शेजारशेजारच्या जागा दिल्या, आणि आम्ही दोघं काही सरकारी कचेरीतले बाक सोडले तर शेजारी बसलो नाही. हा प्रवास अकरा तासांचा होता. लेकीने तिकिटं पाठवली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते हे अकरा तास. लेक दुसऱ्या नंबरावर आली हे तिला कळवू नका.

आता विमान कंपनीचा प्लॅन. शेजारच्या वकिलांच्या कॉम्प्युटरवर मी तो दोन दुपारी बसून वाचला, आणि खरं सांगतो, धंदेवाईक माणसाने टोपी काढावी असं ते काम आहे. सगळ्यात पुढे आठ-दहा जणांचा पहिला वर्ग. तिथे तिकीट घेतानाच हवी ती जागा निवडा, वेगळं काही द्यायचं नाही, आणि मन बदललं तर पुन्हा निवडा. मग बिझनेस क्लास, तिथेही तोच लाड. मग एक मधला वर्ग, पाय थोडे लांब करता येतील इतपत प्रतिष्ठेचा. आणि मागे आपण. पण आपल्यातही जाती आहेत. जरा महाग तिकीट असेल तर साधी जागा फुकट निवडता येते. स्वस्तातलं असेल तर निवडायचे वेगळे पैसे, पुढच्या रांगांचे अधिक, पाय पसरता येणाऱ्या रांगेचे त्याहून अधिक. सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं (लेक समजूतदार आहे, आमचं तेच होतं) तर तुम्ही गप्प बसायचं. उड्डाणाच्या चोवीस तास आधी यंत्र जी जागा देईल ती घ्यायची. खुर्ची तीच, विमान तेच, पोचायची वेळ तीच, आणि तरी एका खुर्चीचे चार भाव. चौतीस वर्षांत मला फक्त तीन सुचले होते.

त्या प्लॅनवर सतराव्या रांगेत मधोमध दोन खुर्च्यांवर फुली होती. आजूबाजूला सगळं मोकळं आणि बरोबर ह्या दोन्हींवर फुली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या मोठ्या कंपनीत, इतक्या लांब, कोणीतरी बसून माझ्याच पद्धतीने फुल्या मारत होतं. वकील म्हणाले की थोडे पैसे भरून त्यामागच्या दोन जागा आत्ताच घ्या, शेजारी आहेत. मी त्यांना समजावलं की अशा जागा आधी घेणारा माणूस कच्चा. तिसऱ्या घंटेपर्यंत थांबायचं, शांत राहायचं, आणि खिडकीतल्या माणसाला आपण धंद्यातले आहोत हे कळू द्यायचं. चोवीस तास आधी यंत्राने बायकोला तेविसाव्या रांगेत टाकलं आणि मला एकेचाळिसाव्या. तेव्हाही मी हललो नाही. बायकोने फक्त विचारलं, शेजारी बसायला मिळेल ना? मी म्हटलं, माझ्यावर सोड.

काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. मी मुद्दाम रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहिलो, आणि आमची पाळी आल्यावर सौम्य आवाजात सांगितलं की मीही ह्याच व्यवसायातला, तेव्हा सतरा क्रमांकाच्या राखलेल्या दोन जागा आता सोडायला हरकत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिची चोरी पकडली गेली आहे असं मला वाटलं. (चोरी नव्हती. पण जागा राखलेल्या होत्या हे तिने कबूल केलं. विमानतळाच्या हातात काही जागा असतातच म्हणाली. माझं निदान बरोबर होतं, हे कृपया नोंदवून ठेवा.) फक्त त्या सकाळी सहालाच एका बाळंतिणीला आणि तिच्या आईला दिल्या होत्या. मीही दिल्या असत्या. मग तिने बराच वेळ कीबोर्ड बडवला आणि सांगितलं की मागचा वर्ग क्षमतेपेक्षा जास्त विकला गेला आहे (हे ऐकून मला ह्या कंपनीबद्दल वाटलेला आदर निम्म्याने उतरला), त्यामुळे कोणाला तरी पुढे बिझनेस क्लासमध्ये बसवावं लागणार आहे. तुमच्यातल्या एकाला पाठवते. एकच जागा आहे.

आता तुम्ही म्हणाल की सांगायचं होतं, आम्हाला दोघांना मागेच राहू द्या. मी विचारलं. मागे शेजारच्या जागाच उरल्या नव्हत्या. बायको तेव्हा सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेची चेन लावत होती. मी तिला सांगितलं, तुझी जागा पुढे, माझी पडद्याच्या लगेच मागे, हात लांब केला तर पोचेल. हे पूर्ण सत्य नव्हतं. पण दादा, ती जिन्याने विमानात चढली आणि सगळे डावीउजवीकडे कोंबले जात असताना तिला नमस्कार करून पुढे नेलं, तेव्हा मला जे वाटलं ते मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. चौतीस वर्षं खांबाच्या मागे बसलेली बाई पहिल्या रांगेत गेली. माझी छाती इतकी फुगली होती की एकेचाळिसाव्या रांगेपर्यंत मला आडवं चालावं लागलं.

माझी जागा कागदावर खिडकीची होती. प्रत्यक्षात तिथे भिंत होती. पुढच्याला खिडकी, मागच्याला खिडकी, आणि माझ्या कानाशी कोरी करकरीत भिंत. मी खांबामागची खुर्ची विकली नाही, ती मोकळी ठेवली. ह्यांनी मला खिडकी म्हणून भिंत दिली. तासाभराने खिशात हात घातला तर बायकोचा चष्मा. घाईत तिने माझ्याकडे ठेवायला दिला होता. चष्म्याशिवाय तिला घड्याळही दिसत नाही. मी चोवीस रांगा ओलांडून पडद्यापाशी गेलो. तिथे हवाईसुंदरीने मला अडवलं आणि अदबीने सांगितलं की पलीकडे त्या वर्गाच्या प्रवाशांनाच जाता येतं. मी बाल्कनीच्या तिकिटावर खाली उतरणाऱ्या शेकडो लोकांना हेच वाक्य ह्याच आवाजात ऐकवलेलं आहे. तेव्हा तिचं कौतुक करणं मला भागच होतं, आणि मी ते केलं. चष्मा तिच्या हाती दिला आणि परत येऊन भिंतीकडे पाहत बसलो. अर्ध्या तासाने ती हवाईसुंदरी मागे माझ्यापर्यंत आली. तिच्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा अर्धा तुकडा होता. पुढच्या बाईंनी दिलाय म्हणाली. मी तो लगेच खाल्ला नाही.

विमानतळाबाहेर येईपर्यंत आणि तिथून लेकीच्या घरापर्यंत बायकोने मला पुढचा वर्ग सांगितला. खुर्चीचा पलंग होतो हे तिला माहीत नव्हतं. चष्मा पोचण्याआधी तिने दिव्याचं बटण म्हणून काहीतरी दाबलं आणि ती हळूहळू आडवी होत गेली. खुर्ची मोडली असं समजून, नुकसानभरपाई मागतील म्हणून, ती पाऊण तास कोणाला हाक न मारता छताकडे बघत पडून राहिली. शेजारच्या गृहस्थाने पाच प्रकारचे रस प्यायल्याचं, मागल्या बाईने बूट काढून मखमली सपाता घातल्याचं, सगळं सांगितलं. ह्या वेळी उजवी बाजूही सांगितली. लेक गाडी चालवताना आरशातून आम्हाला बघत होती. मला तो प्रयोग आवडला.

तर असा प्रवास झाला. माझी पद्धत चुकली असं कोणी म्हणू शकत नाही, कारण तिच्यामुळेच आपल्या दोन्ही घरांतलं पहिलं माणूस पुढच्या वर्गात बसलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत राहा.

तुमचा,
जावई आणि मेहुणा, दोन्ही

ता. क. एक किरकोळ काम. आमच्या परतीच्या तिकिटांचे नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले आहेत. तुम्ही कॉम्प्युटरवर बसतच असाल तर शेजारच्या दोन जागा बघून ठेवा. कोणत्याही रांगेत चालतील, स्वच्छतागृहाशेजारीही. वेगळे पैसे पडतील ते द्या, मी आल्यावर चुकते करतो. फक्त शेजारच्या हव्यात.

ता. क. दुसरं. मी हे तुम्हाला सांगितलं हे तुमच्या बहिणीला कळता कामा नये. मी पडद्याच्या लगेच मागे नव्हतो, तेही कळू नये. पाकिटावर पत्ता तिच्याच अक्षरात आहे म्हणून घाबरू नका. ती परक्याचं पत्र कधी उघडून वाचत नाही.

दादा,

परक्याचं वाचत नाही. हे परक्याचं नव्हे. ते एकेचाळिसाव्या रांगेत आहेत हे मला त्या मुलीने चष्मा देतानाच सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, मलाच मागे सोड. जागा नाही म्हणाली, म्हणून केक पाठवला. परतीच्या जागा मी इथे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीला बसवून घेतल्या आहेत, तेव्हा तू पैसे भरू नकोस. त्यांना फक्त कळव की काम झालं, आणि थोडा भाव खा, त्यांना बरं वाटेल. खिडकीची जागा त्यांची. तिथे खरोखर खिडकी आहे हे दोनदा विचारून घेतलं. मी मधली घेतली. कोपऱ्यात पुष्कळ वर्षं बसले.