अक्कलकोट रस्त्याचा ॲव्हरेज

१४ सप्टेंबर २०२१
अक्कलकोटला जाऊन आले — एकटी! गाडी नवी, लायसन नवं, जुनी फक्त मी. अठ्ठावन्न. अर्धांग झाल्यापासून अक्का अंथरुणावरच. म्हणाली, "तूच चालवत आलीस व्हय?" तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली. आता दर मंगळवारी जाणार. बहीण आहे माझी, एसटी मिळाली तर भेटायचं, हे बास झालं.

निंगप्पा भावजींचं, माझ्या दिरांचं, म्हणणं — इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मोबाईल, तीन वर्षांत बॅटरी बसणार. आणि या वयात बाईमाणसानं हायवेवर जाऊ नये. बघू की! आज एका युनिटला ६.९ किलोमीटर पडले. लिहीत जाईन, त्यांच्या नाकावर टिच्चून.

१३ सप्टेंबर २०२२
७.३. भावजींना कळवलं. म्हणाले, नवीन आहे अजून.

१६ मे २०२३
अंग भाजून निघतंय. एसी लावूनसुद्धा ७.८!

१० सप्टेंबर २०२४
तीन वर्षं झाली. बॅटरी बसली नाही, मीही बसले नाही. ८.४. भावजी जेवायला होते, त्यांना गाडीत बसवून मीटर दाखवला. आत आल्यावर आणखी एक भाकरी मागून घेतली फक्त.

१४ जानेवारी २०२५
संक्रांतीला वैष्णवी पुण्याहून आलीय. अक्काकडे सोबत आली. ८.९! लेक कौतुक करेल वाटलं. वळसंग गाव आलं तशी ती म्हणाली, "आई, गाडी सुधारली नाही. तू हळू झालीस. हायवेला चाळीसनं चालवतीस."
जपून चालवते म्हटलं.
"आणि तो सायकलवाला? मी ओरडले तेव्हा तुला दिसला."
आधीच दिसला होता म्हणाले. इथं कशाला खोटं लिहू — नव्हता दिसला.

१६ जानेवारी
भांडण. शेवटी वैष्णवीनं किल्ली घेतली. तोच रस्ता, तीच गाडी. ६.८. तिनं कुंभारीजवळ गाडी थांबवून बोर्ड वाचायला लावला. हिरवा रंग दिसला, अक्षर एक नाही. इतकी वर्षं मिरवला तो आकडा माझ्या अधू डोळ्यांचा!

१८ जानेवारी
मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन होईस्तोवर गाडी बंद. भावजी लगेच हजर — विकून टाका, गिऱ्हाईक मी बघतो.
"भिंगं बदलायचीत भावजी, गाडी नाही."

२१ जानेवारी
एसटीनं गेले. उभ्यानं.

२५ फेब्रुवारी
एक डोळा झाला, दुसरा पुढच्या महिन्यात. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, प्रवास नको, वाकायचं नाही. अक्काकडे जाणं बंद. जोतीरामला, तिच्या मुलाला, फोन केला. म्हणाला, आई बरी आहे, काळजी करू नका.

६ एप्रिल
डॉक्टरांनी परवानगी दिली. कुंभारीपर्यंत जाऊन आले. बोर्ड लांबून वाचला, ट्रकला मागं टाकलं. ६.७ — आजवरचा सगळ्यात वाईट आकडा. भावजींना मीच फोन करून सांगितला. हसू देत. मला दिसतंय!

१५ एप्रिल
अक्काला न्हाऊ घालायला घेतलं. कुशीवर वळवलं आणि हात थांबला. कमरेवर जखम. तळहाताएवढी, कडा काळ्या पडलेल्या.
कधी झालं, विचारलं.
"लई दिवस झाले की मावशी. दिवाळीच्या आधीपासनं हाय," जोतीरामची बायको म्हणाली. "तुमीच न्हाऊ घालता. तुमाला ठाव हाय वाटलं."
दर मंगळवारी याच हातांनी साबण लावला मी. अक्का कधी कण्हली नाही.
जोतीरामला सांगितलं, उचल, पुढच्या सीटवर ठेव. तो म्हणाला, विचारायचं तरी. नाही विचारलं. सीट मागं पाडली, उशा लावल्या, पट्टा मीच बांधला. थेट दवाखाना, तिथून घरी. आता ती इथंच राहील.
वळसंगला अक्का म्हणाली, "लई जोरात चालवतीस की."
मीटर बघितलाच नाही.