सूचकाची सही

ता. १ एप्रिल, सोमवार
नांदुरा

चि. शेखर,

आशीर्वाद. मी बरी हाये, गुडघे सोडून. तूबी बराच असशील, बॅनरवर तं लय बरा दिसून राह्यला. हात जोडलेला फोटो पायला. एवढे घट्ट हात नको जोडत जाऊ, काही लपवून राह्यला असं वाटते.

पत्र काऊन लिहिते म्हणशील. तुले फोन लावला की ती अर्पिता नावाची पोरगी उचलते. "सर मीटिंगमध्ये आहेत, काही मेसेज?" म्हटलं, मेसेज कायचा व, मी त्याची मोठी बहीण बोलून राह्यली. ती म्हणे, "ओके मॅडम, नोट केलं." तवापासून मी फोन सोडला. पत्राच्या मधात तरी कोणी बसत नाही.

मुद्द्याचं बोलते. तुह्या कचेरीतल्या जीवनचा काल फोन आला. म्हणे, "आत्या, साहेब अपक्ष हायेत, मागं पक्ष नाही. म्हून फार्मवर दहा सूचकायच्या सह्या लागतेत." म्हटलं सूचक म्हणजे कोण? तं म्हणे, हा माणूस खासदारकीले उभा राहू द्या असं सरकारले सही करून सांगणारा. अन् पुढं म्हणे, "साहेबायनं सांगितलं, पहिली सही बाईची, म्हणजे तुमची."

मी हो म्हटलं. चौथी शिकली तरी सही येते मले. अंगठेबहाद्दर नाही.

तू एवढी मोठी कंपनी चालवत होता, हजारो माणसं हाताखाली, अन् मधातच हे काय काढलं, ते मले समजलं नाही. समजून घ्यायचंबी नाही. आमच्या शेजारचा शेषराव म्हणे, "कौशल्याबाई, तुहा भाऊ पक्षाबिगर उभा राह्यला, म्हणजे बिनबैलाची गाडी." म्हटलं त्याले पयल्यापासून मीच वढत आली, बैल पायजे कशाले?

त्याच्याच मोबाईलवर तुहं जानेफळचं भाषण पायलं. "माझ्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं." सोड रे. कडेवर नाही, टोपल्यात. माय गेली तवा तू दीड वर्षाचा, मी अकराची. पिंपळगावच्या बाजारात एका टोपल्यात वांगे अन् एका टोपल्यात तू. गिऱ्हाईक मुद्दाम पुसे, "हे गोरं वांगं कसं दिलं व पोरी?" मी म्हणे, ते विकायचं नाही. भाषणात सांगायचं तं बरोबर सांग.

बुधवारी तू स्वतः येणार, असं जीवन म्हणे. सही घेशील, फोटो काढशील. काढ. मी काही तयारी करत नाही. कुरोड्या तशाबी करायच्याच होत्या, गहू आजच भिजत घातले. तिसऱ्या दिवशी चीक होते, अन् तिसरा दिवस बुधवारच येते, त्याले मी काय करू. लहानपणी तू चुलीवरच्या गंजातला चीक बोटानं खाऊन तोंड भाजून घे. आता चमच्यानं खाशील.

तुले इकडं यायले येळ भेटत नाही, हे मले समजते. सात वर्ष भेटला नाही. असो.

तुही,
बाई

—

ता. ५ एप्रिल, शुक्रवार
नांदुरा

चि. शेखर,

आशीर्वाद. काल तू फार्म भरला, असं समजलं. येळेत भरला, चांगलं झालं.

बुधवारचं तुले जीवननं सांगितलंच असल. तरी माह्या तोंडून आयक, लोक आपापल्या सोयीनं सांगतेत.

तीन गाड्या आल्या. गल्लीत पोट्टे जमा झाले. मी दारात उभी, तू कोणत्या गाडीतून उतरतं ते पाहून राह्यली. पयलीतून जीवन. दुसरीतून ती अर्पिता अन् एक कॅमेरावाला. तिसरीत डायवर तेवढा. जीवन म्हणे, साहेब मागून येऊन राह्यले, पिंपळगावात दहा मिनटं थांबले, तिथल्या सह्या पाहायले.

म्हटलं बसा. सगळ्यायले चीक वाढला, वरून दूध-साखर. अर्पिता काही वाईट पोरगी नाही. पुण्याची हाये, चीक पयल्यांदा पायला. "हे पुडिंग आहे का?" म्हणे. म्हटलं खाय आधी, नाव मंग ठेव. दोनदा घेतला तिनं.

खाता खाता तिनं माहं मतदान कार्ड घेतलं अन् मोबाईलात नंबर टाकला. मंग चमचा खाली ठेवला. जीवनले दाखवलं. जीवन म्हणे, "अरे बापा, हे तं रावेर हाये!"

मी म्हटलं, काय रावेर?

"आत्या, तुमचं मत रावेरले हाये. सूचक बुलढाणा मतदारसंघातलाच लागते. तुमची सही चालत नाही."

आता हे तं इथल्या शेंबड्या पोरालेबी माहीत हाये. आमचा जिल्हा बुलढाणा, कलेक्टर बुलढाण्याचा, पण दिल्लीच्या मताले नांदुरा-मलकापूर रावेरकडं, खानदेशात. तिकडं मताची तारीखसुद्धा येगळी. पिंपळगावची पोरगी लग्न करून नांदुऱ्याले आली, जेमतेम एक एसटीचा रस्ता, अन् मत दुसऱ्याच्या मुलखात गेलं. इतक्या खेपा मी रावेरच्या खासदाराले मत देऊन आली, तरी माह्या ध्यानात आलं नाही. तुह्याबी आलं नाही. चालते, माणूस विसरते.

जीवनच्या हातात वाटी, म्हून त्यानं फोन टेबलावर ठेवून लावला, मोठ्या आवाजात. तुले माहीत नव्हतं मी समोर बसली म्हून.

"सर, प्रॉब्लेम झाला. बाईंचं मत रावेरमध्ये निघालं."

गाडीचा आवाज तेवढा येऊन राह्यला होता. मंग तू म्हणे, "बाईनं तुम्हाले आत घेतलं?"

"हो सर. आतच बसलो. चीक खाऊन राह्यलो."

"चीक?"

"हो सर."

मले वाटलं फोन कटला. मंग तू म्हणे, "बरं. पिंपळगावात शालिग्रामची सही घ्या. मी मागं फिरतो."

शालिग्राम चुलतभाऊ हाये, करल सही, त्याचं काय. पण तू कुठून मागं फिरला रे? जीवनले पुसलं. तो म्हणे, साहेबायची गाडी नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकापाशी होती. फाटकापासून माहं घर पायी दहा मिनटं हाये. माह्या गुडघ्यानंसुद्धा.

सात वर्षानं तुहा आवाज फोनवर आयकला. घोगरा झाला. भाषणं कमी कर, जेष्ठमधाची काडी तोंडात ठेव.

अर्पिता जाता जाता म्हणे, "आत्या, साडी छान आहे." म्हटलं भावाची हाये, भाऊबीजेची. तू दरसाल माणसाच्या हातानं पाठवतं त्यातली. बाकीच्या सहा पेटीत घड्या हायेत. ही त्या दिवशी वरच होती म्हून नेसली.

तू "आत घेतलं का" असं काऊन इचारलं, ते मले समजलं. समजलं नाही असं मी दाखवलं, चीक ढवळत बसली.

कुरोड्या सुकल्या. डबा भरून ठेवला.

तुही,
बाई

—

ता. १४ मे, मंगळवार
नांदुरा

चि. शेखर,

हे पत्र मुद्दाम पुण्याच्या पत्त्यावर टाकून राह्यली. तुहं मतदान आटपलं, आता तिथं असशील. तिथं अर्पिता नसल, अशी आशा.

पयले तुह्या मतदानाचं सांगते. सव्वीस तारखेले मी सकाळच्या एसटीनं पिंपळगावले गेली. मले मत नाही, तरी गेली. आपल्या शाळेच्या बाहीर, चुन्याची रेघ असते तिच्या अलीकडं, दगडावर बसली. बायका येऊन राह्यल्या, बोटाले शाई लावून जाऊन राह्यल्या. जयमाला आठवते का, माह्यासंगं वांगे विकायची, आता तिचे दात पडले. ती बोट दाखवत आली. "काय व कौशल्या, भाऊ उभा अन् बहिणीचं बोट कोरं?" म्हटलं, तुह्या बोटानं काम होते का ते पाय आधी. ती म्हणे, "कढईवरच दाबलं, आण घे. पण मशीनवरची कढई भल्ली बारीक होती व, भाजीसुद्धा होत नाही तीत." मी हसली. तुले चिन्ह कढईच कसं भेटलं? तुले गॅस पेटवता येत नाही.

दुपारपोत बसली. उन्हं अंगावर आली तवा उठली. तिथं काऊन गेलती, हे मले कोणी पुसलं नाही, बरं झालं.

काल आमचं मतदान झालं. आत गेली, पुठ्ठ्यामागं उभी राह्यली. वरून खालपोत सगळे नावं वाचले. एक-एक. तुहं नाव तिथं नसणार, हे का मले माहीत नव्हतं? तरी वाचले. मंग एकडाव अजून वाचले. मागून लाईनीतली बाई ओरडली, "व माय, मत देऊन राह्यली का पोथी वाचून राह्यली?" मंग दाबलं कुठंतरी. बाहीर आल्यावर शेषरावानं पुसलं कोणाले देलं. सांगितलं नाही. मलेच आठवत नव्हतं.

आता खरं लिहिते. मांगच्या पत्रात "माह्या ध्यानात आलं नाही" असं लिहिलं, ते खोटं हाये. जीवनचा पयला फोन आला तवाच मले माहीत होतं की माहं मत रावेरले हाये अन् माही सही तुह्या कामाची नाही. बोलली नाही. बोलली असती तं तू आला नसता. तू उंबऱ्याच्या आत आला असता, चीक खाल्ला असता, मंग सांगणार होती, सही दुसऱ्याची घे म्हून. तुहा फार्म मी बाद होऊ देला नसता, तेवढी भोळी नाही मी.

अन् मंग मी बसल्या बसल्या इचार केला. तुले दहा सह्या पिंपळगावच्या एका चौकात भेटल्या असत्या. मंग माहीच काऊन पायजे होती? तू कंपनीचा कागद दोनदा वाचल्याबिगर सही न करणारा माणूस. तुले नांदुरा कुठं मत देते हे माहीत नसल? मले नाही खरं वाटत. तुलेबी निमित्तच पायजे होतं. सरकारी निमित्त. त्या पोरीनं मोबाईलात नंबर टाकला, अन् दोघायचंबी निमित्त एकाच येळी गेलं. तू फाटकावरून फिरला.

का फिरला तेबी लिहिते, म्हणजे बोलायचं राहणार नाही.

तुहे दाजी गेले तवा तू तेराव्यालेबी आला नाही. परदेशात होता, मीटिंग होती, मले समजलं. पण तू पाठवलं काय? तुह्या कंपनीचा माणूस, अन् त्याच्या हातात बैलगाडीच्या चाकाएवढा फुलायचा गोल, त्याच्यावर कंपनीचं नाव. दाजीनं जिंदगीभर फुलकोबी पिकवली, त्याले तसले फुलं कोणी देले नव्हते. माही तयपायाची आग मस्तकात गेली. ते चाक मी रस्त्यावर टाकलं. अन् तुले फोनवर म्हणली, "आता माणूसच पाठवत जाय. तू माह्या उंबऱ्यात पाय ठेवशील तं तुले मेलेल्या मायची शपथ हाये."

तू ती शपथ पाळली. सात वर्ष माणूसच पाठवला. भाऊबीजेले माणूस, सहीले माणूस. लहानपणी माहं एक काम आयकलं नाही, अन् हेच बरं आयकलं!

माय तुले आठवत नाही. मले आठवते. तिच्या नावानं तिच्याच लेकाले घराबाहीर ठेवलं म्हून ती मले काय म्हणत असल, ते मी रोज आयकते. शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडा लागते, लहानपणी खेळतानी आपण म्हणायचो तशी. मी इथं, घरात एकटीच, तोंडानं म्हणून घेतलं. तुले आयकू आलं नसल म्हून लिहिते:

सुटली.

आता दुसरं. चार जूनले तुहा निकाल हाये. तू त्याच्या आधी ये. निवडून आला तं तुह्यासंगं पन्नास माणसं येतील, अन् मले त्यायले बसवायले जागा नाही. पडला तं तू तोंड लपवशील, तुही खोड मले माहीत हाये. आज तू पडलेलाबी नाही अन् निवडलेलाबी नाही. टोपल्यात होता तेवढाच हाये. तसाच ये. गाडी फाटकापाशी ठेव अन् तिथून पायी ये.

तुह्या पुऱ्या मतदारसंघात तू मत मागत फिरला. नांदुऱ्यातल्या ह्या घरात तुह्यासाठी एकबी मत नाही. म्हून कोणी म्हणणार नाही की मतासाठी आला.

चीक आता नाही भेटणार, त्याचे दिवस गेले. कुरोड्या तळून देईन. कढई मोठी हाये, मशीनवरच्यासारखी नाही.

खाली सही करून राह्यली. ह्या कागदाची यादी कोणी तपासत नाही, म्हून चालते.

हा माणूस माह्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यावा,

सूचक,
कौशल्याबाई शंकरराव
मतदारसंघ रावेर